मदत हवी आहे : ऐकू न येताही कळतील असे तुमचे ऑलटाइम आवडते सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी,

आधी अडचण सांगते, मग यादी मागते.

आम्ही इंदूरचे. माझं सासर आणि माहेर दोन्ही इथलंच, त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी मुलाला घेऊन रामबागेत आईबाबांकडे जाते. आठ वाजता जेवणं आणि नऊला सिनेमा, हा रिवाज कोविडच्या वेळी सुरू झाला तो अजून चालू आहे. बघणारे सहा : बाबा (वय ७९), आई, दादा, वहिनी (ती उज्जैनची, हिंदीभाषक, मराठी कळतं पण भरभर बोललं की सुटतं), मी आणि माझा आठवीतला मुलगा.

बाबांनी सगळी नोकरी लोहामंडीजवळ ट्रकच्या गॅरेजात काढली. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं आणि हातोडे. कान तिथेच गेले. मशीन आणलं आहे, ते कपाटात असतं आणि लग्नाकार्याला बाहेर निघतं. घरात घातलं की म्हणतात, "शिटी वाजते त्यात." टीव्हीचा आवाज साठवर नेला तरी म्हणतात, आवाज येतोय पण बोलणं कळत नाही. इंग्रजी सबटायटल्सचा उपयोग नाही, ते मराठी आणि हिंदीच वाचतात.

हे सगळं माहीत होतं. तरी गेल्या महिन्यापर्यंत मला वाटायचं की त्यांचं भागतंय. कारण आम्ही लावायचो ते 'अशी ही बनवाबनवी', 'पिंजरा', 'शोले', 'गोलमाल' असले सिनेमे. ते बाबांना पाठ आहेत. अशोक सराफांच्या आधी वाक्य बाबा म्हणतात. मग एका रविवारी मुलाच्या हट्टानं एक नवीन विनोदी सिनेमा लावला. मी भुट्ट्याचा कीस गरम करायला उठले आणि वाटी घेऊन परत येताना स्वयंपाकघराच्या दारात थांबले. टीव्ही त्या दाराला लागूनच आहे, म्हणजे मला सगळ्यांची तोंडं समोरून दिसत होती. चार जणं टीव्हीकडे बघत होती. बाबा माझ्या मुलाकडे. तो हसला की अर्ध्या क्षणानं बाबा हसायचे. तो थांबला की थांबायचे.

वाटी हातातच राहिली.

तर मंडळी, मला असे सिनेमे हवे आहेत जे डोळ्यांनी कळतात. जुने, नवे, कुठल्याही देशाचे. प्रकार मात्र वेगवेगळे हवेत : मुलाला भुताचा आणि थरारक हवा, आईला प्रेमकथा, दादाला मारामारी, वहिनीला जे काय असेल ते पण रडकं नको. बाबांची स्वतःची आवड म्हणजे डाकू, घोडे, गाड्या. तुमचे सर्वांत आवडते सांगा, पण हा एक चश्मा लावून निवडा. आणि कृपा करून "मशीन घालायला सांगा" एवढंच लिहू नका. सांगून झालंय.

खारी_बुडवून :

पहिलं नाव डोळे मिटून चॅप्लिन. 'मॉडर्न टाइम्स', १९३६. बोलपट येऊन नऊ वर्षं झाली होती तरी या माणसानं तोंड उघडलं नाही. सिनेमात आवाज आहेत, पण बोलतात ती बहुतेक यंत्रं : मालकाचा पडदा, रेडिओ, रेकॉर्ड. चॅप्लिन स्वतः शेवटी एक गाणं म्हणतो, तेही अर्थ नसलेल्या शब्दांत, म्हणजे तिथे ऐकू येणारे आणि न येणारे एकाच पंगतीत! कारखान्यात नट पिळून पिळून त्याचे हात सुटी झाल्यावरही पिळत राहतात, ते गॅरेजवाल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि कामगाराला जेवण भरवणाऱ्या यंत्रात मक्याचं कणीस गरागरा फिरतं. इंदूरकरांना याहून काय हवं.

प्रेमकथा म्हणून 'सिटी लाइट्स' (१९३१). आंधळी फुलवाली आणि हा फाटका. मधला बॉक्सिंगचा सीन मुलाला दाखवा, शेवटच्या सीनला आईला रुमाल द्या. वहिनींना आधी कल्पना द्या.

(जाता जाता : 'मॉडर्न टाइम्स' आणि प्रभातचा 'संत तुकाराम' एकाच सालचे. 'तुकाराम' तुमच्या यादीत बसतोच. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पुरतो, आणि अभंग तर बाबांना ठाऊक असणार.)

ध्वनीवाला :

सिनेमे बाकीचे सांगतील, मी कानांचं बोलतो. "आवाज येतो पण बोलणं कळत नाही" हे बाबा अगदी बरोबर सांगताहेत. वयानं किंवा गोंगाटानं कान जातात तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त, क ही व्यंजनं तिथली. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. त्यामुळे "साप" आणि "ताप" सारखंच वाटतं. व्हॉल्यूम वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत वाढतं, व्यंजनं जिथल्या तिथे.

दोन गोष्टी करून बघा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये "क्लिअर व्हॉइस" किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो लावा. आणि अ‍ॅपमध्ये ५.१ आणि स्टीरिओ असे दोन ऑडिओ असतील तर स्टीरिओ घ्या. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, आपल्या टीव्हीला दोनच स्पीकर, मग ते संगीताखाली दबतात.

शिवाय काही ओटीटींवर परदेशी सिनेमांना हिंदी सबटायटल्स मिळतात. भाषांच्या यादीत खाली जाऊन बघा, लोक इंग्रजी दिसलं की थांबतात. आणि मशीनची शिटी ही बहुतेकदा कानातला साचा ढिला बसल्याची असते, माणसाचा हट्ट नसतो. जिथून घेतलं तिथे तपासून घ्या. (हे "घालायला सांगा" मध्ये मोडत नाही असं मी धरून चालतो.)

माळव्याची_माती :

'पुष्पक'!! कोणी अजून लिहिलं कसं नाही? १९८७, दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव, कमल हासन आणि अमला. अख्ख्या सिनेमात संवाद नाही. मूकपट नव्हे हां, हॉर्न आहेत, भांडी आहेत, फक्त कोणी बोलत नाही, आणि अर्ध्या तासानं तुमच्या ते लक्षातही राहत नाही. बेकार पोरगा एका दारुड्या श्रीमंताला कोंडून त्याच्या हॉटेलच्या खोलीत राहायला जातो. टिनू आनंद बर्फाचा सुरा घेऊन मागे लागलेला. पण माझा आवडता तुकडा वेगळाच : या पोराची जुनी खोली टॉकीजजवळ असते, मारामारीच्या आवाजात झोपायची सवय. हॉटेलातल्या शांततेत त्याला झोपच येत नाही. शेवटी तो टॉकीजचा आवाज टेप करून आणतो. तुमच्या बाबांना रिटायर झाल्यावर पहिले काही दिवस झोप आली होती का, विचारा.

आणि गुलजारचा 'कोशिश', १९७२. संजीव कुमारला राष्ट्रीय पुरस्कार होता. मूकबधिर नवरा-बायकोची गोष्ट.

धागाकर्ती :

@माळव्याची_माती, 'पुष्पक' पक्का. 'कोशिश' मी आणि आईनं पाहिलाय, अप्रतिम आहे, पण बाबांसमोर लावायला जीव धजत नाही. "माझ्यासाठी मुद्दाम बहिऱ्यांचा लावला का?" असं एकदा म्हणाले की संपलं. त्यांना मी हा धागा काढलाय हेसुद्धा सांगितलेलं नाही.

@ध्वनीवाला, साप आणि ताप! परवाच आई म्हणाली "बंटीला ताप आहे" आणि बाबा काठी घेऊन अंगणात गेले. आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाहीये. साच्याचं या आठवड्यात करते.

रीळ_नंबर_सात :

कानेतो शिंदोचा 'द नेकेड आयलंड' (१९६०). जपानी जोडपं बेटावर राहतं, रोज होडीनं पाणी आणतं, बादल्या खांद्यावर घेऊन डोंगर चढतं. जवळजवळ शब्दच नाहीत. आणि आदित्य विक्रम सेनगुप्तांचा बंगाली 'आशा जाओआर माझे' (२०१४) : बायको दिवसपाळीला, नवरा रातपाळीला, दोघांची भेट होते ती निसटती. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पाचांत.

खारी_बुडवून :

रीळभाऊ, दोन्ही थोर, पण रविवारी रात्री जेवणानंतर, आठवीतलं पोरगं शेजारी बसवून? दुसऱ्या बादलीला घोरायला लागेल. ताई, हे दोन तुम्ही एकट्या दुपारी बघा.

रीळ_नंबर_सात :

मान्य. मग पोरासाठी 'फ्लो' (२०२४). लाटव्हियाचा, ऑस्कर मिळालेला. पूर आलाय, एक मांजर, एक कुत्रा आणि आणखी दोन-तीन जनावरं एका होडीत. जनावरं माणसांसारखी बोलत नाहीत, जनावरांसारखीच वागतात. पोराला हेही सांगा की तो ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर बनवलाय, मग बघा कॉम्प्युटरसमोरून उठतो का.

चंबळ_एक्सप्रेस :

घोडे हवे म्हणता तर 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८. सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेत, किती तरी मिनिटं कोणी धड बोलत नाही.

ध्वनीवाला :

माफ करा, पण हाच नको. त्या सीनची सगळी मजा कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर टपटपणारं पाणी आणि घोंघावणारी माशी यांत आहे. ते काढलं तर तीन दाढीवाले बसलेत एवढंच उरतं. संवाद कमी म्हणजे कानांची गरज कमी, असं नसतं.

चंबळ_एक्सप्रेस :

हे डोक्यातच आलं नव्हतं. बरं मग हा घ्या, स्पीलबर्गचा 'ड्युएल', १९७१. टीव्हीसाठी केलेला. एक साधा माणूस लाल गाडीतून चाललाय, एक जुनाट टँकर त्याच्या मागे लागतो. का, ते कधीच सांगत नाहीत. ट्रकवाल्याचा चेहरा दाखवत नाहीत, हात आणि बूट तेवढे. दीड तास रस्ता, आरसा, स्पीडोमीटर. नायक मनातल्या मनात थोडं बोलतो, ते नाही कळलं तरी काही बिघडत नाही. ए. बी. रोडवर, भेरूघाटात रात्री ट्रकच्या मागे अडकलेल्या कुठल्याही माणसाला कळेल. यात थरार, भूत, मारामारी, तिन्हींची सोय एकदम झाली.

असाच 'ऑल इज लॉस्ट' (२०१३) : रॉबर्ट रेडफोर्ड, फुटलेली होडी, समुद्र, बस्स. आणि चोरीचा हवा असेल तर फ्रेंच 'रिफिफी' (१९५५), त्यात जवळपास अर्धा तास दरोडा चालतो, ना शब्द ना संगीत. बाकी संवाद मात्र आहेत.

सराफ्यात_रात्री_दोनला :

भिया, इंदूरच्या माणसानं सिनेमाचा धागा काढला आणि लता मंगेशकर इंदुरात जन्मल्या, जॉनी वॉकर इंदूरचे, सलीम खान इंदूरचे आणि किशोरकुमार खंडव्याचे असले तरी शिकले आपल्या क्रिश्चियन कॉलेजात, हे कोणीच लिहिलं नाही? शहराची अब्रू आहे की नाही? बाकी मदत : बाबांना पाठ असलेले सिनेमे बंद करू नका. दोन आठवडे नवा, एक आठवडा पाठातला. ते वाक्य आधी म्हणतात ती त्यांची बॅटिंग आहे.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. तीन रविवार झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कान. साचा खरंच ढिला होता, नवा बसवला. आता शिटी नाही. तरी मशीन अजून कपाटातच असतं, पण कपाट आता दिवाणखान्यातलं आहे. प्रगती समजते. स्टीरिओचा फरक पडला, बातम्यांना जास्त, सिनेमाला थोडा.

'मॉडर्न टाइम्स'ला मुलानं ब्लॅक अँड व्हाइट बघून पहिली दहा मिनिटं तोंड पाडलं होतं, मग ते कणीस फिरायला लागलं. आई म्हणाली, असं यंत्र किसायला मिळालं तर बरं. 'पुष्पक'ला वहिनीला प्रथमच आमच्याइतकंच कळत होतं आणि ती सारखी मध्ये बोलत होती.

काल 'ड्युएल' लावला. आईनं पंधरा मिनिटांत जपमाळ काढली. पुढे ती लाल गाडी चढावर लागते, मागून टँकर, आणि आम्ही सगळे टँकरकडे बघत असताना बाबा एकदम पुढे सरकून बसले. म्हणाले, "रेडिएटर गेला याचा."

दादा म्हणाला, "नाही हो बाबा, ट्रक जवळ येतोय म्हणून..."

"ट्रक सोड. काटा बघ. पाइप फुटलाय. पंपावर कोणी सांगितलं नाही का याला?"

सांगितलं होतं. पेट्रोल भरणाऱ्यानं सुरुवातीलाच होज बदला म्हणून सांगितलं होतं. ते वाक्य आम्ही पाचही जणांनी ऐकलं होतं आणि पाचही जण विसरलो होतो. बाबांनी ते ऐकलंच नव्हतं. मग बॉनेटमधून वाफ आली.

तिथून शेवटपर्यंत माझा मुलगा पडद्याकडे कमी आणि आजोबांकडे जास्त बघत होता. "आजोबा, आता?" बाबा बोट वर करून त्याला थांबवायचे, मग हातानंच गिअर टाकून दाखवायचे.

झोपायला जाताना बाबांनी विचारलं, "असले अजून आहेत का?" म्हणून 'ऑल इज लॉस्ट' आणि 'फ्लो' लिहून ठेवलेत. पण आईनं काल निक्षून सांगितलंय की पुढच्या रविवारी ट्रक नको, होडी नको, पूर नको, कुठेतरी लग्न असलेलं लावा. 'सिटी लाइट्स'मध्ये लग्न नाही ना? मग कमी बोलणारं लग्न कुठल्या सिनेमात आहे, तेवढं सांगा. शनिवारपर्यंत कळलं तर बरं.