रोझा पार्क्सचं नाटक: बसचा प्रसंग मुलांकडून करून घ्यावा का?

धागाकर्ता: माझं मत, घ्यावाच. सोळा खुर्च्या पुरतात: चार ओळी, दोन-दोनच्या मध्ये वाट. पुढच्या ओळी गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या, मध्ये ड्रायव्हरला मागे सरकवता येईल अशी पाटी. १ डिसेंबर १९५५ला अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत, पार्क्सच्या बसमध्ये, उभा गोरा प्रवासी एकच होता. पण त्याच्या ओळीत काळ्यांनी बसायचंच नाही, म्हणून चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले, पार्क्स बसूनच राहिल्या आणि त्यांना अटक झाली. एका माणसासाठी चार जागा, हे गणित फळ्यावर कळत नाही, खुर्च्यांवर कळतं.

प्रतिसाद १: असहमत. ड्रायव्हर कोण करणार? पाचवी-सहावीच्या पोरांना दरडावण्यातच मजा येते. वर्ग खिदळला की प्रसंग संपला. शिवाय पार्क्स 'दमल्या म्हणून बसून राहिल्या' असंच दाखवतात. त्या ४२ वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या! त्यापेक्षा क्लॉडेट कोल्व्हिन घ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये तिनंही जागा सोडली नव्हती, वय १५.

धागाकर्ता: ड्रायव्हरचा फक्त आवाज ठेवा, तोही शिक्षकाचा, पडद्यामागून. चेहरे रंगवणं अजिबात नको, गळ्यात पाट्याही नकोत. कोण कुठे बसलंय त्यावरून सगळं कळतं. पण कोल्व्हिनला पोलिसांनी ओढून उतरवलं. ते मुलांकडून कसं करून घ्याल?

प्रतिसाद १: घेऊच नका. थेट कोर्टात पडदा उघडा. बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि कोल्व्हिन होत्या. पार्क्स नव्हत्या. चार साक्षी, चार मुली, प्रत्येकीला पाच-सहा वाक्यं.

प्रतिसाद २: आणि उरलेली तीस मुलं काय करणार, टाळ्या? जो अॅन रॉबिन्सन घ्या. पार्क्सना अटक झाली त्याच रात्री त्यांनी बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं छापली. कागदाचे तीन-तीन तुकडे, गठ्ठे, वाटप: सगळ्या वर्गाला काम. पुढे बहिष्काराच्या ३८१ दिवसांची पायपीट नुसत्या पावलांच्या तालावर करा. ताल मात्र आधी बसवून घ्या, नाहीतर धावपळच होते.

प्रतिसाद १: पत्रकं कापण्यात नाट्य कुठलं?

प्रतिसाद २: रॉबिन्सनबाई सरकारी कॉलेजात शिकवत होत्या आणि मशीनही कॉलेजचंच. उजाडायच्या आत काम उरकायचं, पकडलं तर नोकरीवर गदा. दिवे मंद करा, कोणी बोलायचं नाही, फक्त कात्रीचा आवाज. मग सांगा.