मदत हवी आहे: ग्लुकॅगॉनची एफआयटीसी अँटिबॉडी लावली, पण सगळंच हिरवं दिसतंय

नमस्कार मंडळी,

प्राणिशास्त्रात पीएचडी करतेय. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन उंदरांना मधुमेह झाला की स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींचं काय होतं, ते बघायचंय. त्यासाठी ग्लुकॅगॉन (अल्फा पेशींचं संप्रेरक) ओळखणारी, उंदरात तयार केलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी घेतली. एफआयटीसी (हिरवं चमकणारं रंगद्रव्य) तिलाच जोडलेलं आहे. मुद्दाम तशी घेतली, कारण माझी ऊतीही उंदराचीच. वरून दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी) लावली तर ती ऊतीतल्या मूळच्या अँटिबॉडींनाही चिकटते.

फॉर्मॅलिनमध्ये दोन दिवस, मग पॅराफिन ब्लॉक, 5 मायक्रॉनचे सेक्शन. पीएच 6 च्या सायट्रेट बफरमध्ये उकळून अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलेलं लक्ष्य मोकळं करणं), बीएसए प्रथिनाने ब्लॉकिंग (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून), अँटिबॉडी 1:200 पातळ करून, खोलीच्या तापमानाला अंधारात एक तास. पीबीएस बफरने तीनदा धुऊन साध्या ग्लिसरॉलमध्ये कव्हरस्लिप.

निरोगी उंदराच्या लँगरहान्सच्या बेटात (स्वादुपिंडातल्या संप्रेरक-पेशींच्या पुंजक्यात) इन्सुलिनच्या बीटा पेशी मध्ये आणि अल्फा पेशी कडेने, कड्यासारख्या दिसायला हव्यात. मला ते कडं दिसतच नाही. सगळी ऊती मळकट हिरवी, आणि रक्तवाहिन्यांतल्या लाल पेशी सगळ्यात लख्ख! अँटिबॉडी न लावलेली स्लाइडही जवळजवळ अशीच दिसते.

अँटिबॉडी खराब झालीय का? कुपीत थोडीच उरलीय. आणि या ब्लॉकसाठी आधीच सहा जीव गेलेत, नुसत्या चाचण्यांसाठी आणखी उंदीर मारायचे नाहीत. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

अँटिबॉडी टाकू नका. कोरी स्लाइडही चमकतेय म्हणजे ते ऊतीचं स्वतःचं तेज आहे. फॉर्मॅलिनने ते वाढतं आणि लाल पेशी त्यात नेहमीच पुढे असतात. तीच जागा लाल फिल्टरखाली बघा: जे दोन्हीकडे दिसतं ते ऊतीचं, फक्त हिरव्यात दिसतं ते एफआयटीसीचं.

तुमचा खरा सिग्नल मात्र फिका पडलाय, आणि मला संशय ग्लिसरॉलचा आहे. आम्लाकडे झुकलेल्या माध्यमात एफआयटीसी मंदावतं. नऊ भाग ग्लिसरॉल, एक भाग बफर, पीएच 8 ते 8.5, असं करून बघा. शिवाय थेट जोडलेल्या अँटिबॉडीला दुय्यमची साथ नसते, त्यामुळे 1:200 आणि एक तास कमी पडतं. 1:50 आणि 1:100 करा, रात्रभर, 4 अंशांवर. आधी निरोगी उंदराच्याच सेक्शनवर. तिथे कडं दिसेपर्यंत मधुमेही ब्लॉकला हात लावू नका. कुपी फ्रीजमध्येच ठेवा, गोठवू नका.

प्रतिसाद २

एफआयटीसी जोडलेला, त्याच आयसोटाइपचा (अँटिबॉडीचा तोच प्रकार, पण ग्लुकॅगॉनला न धरणारा) कंट्रोल ठेवाच. आणि अँटिबॉडी ग्लुकॅगॉनच्या कुठल्या टोकाला धरते ते माहितीपत्रकात बघा. ग्लुकॅगॉन 29 अमिनो आम्लांचं. त्याची पूर्ण साखळी आतड्यातल्या ग्लायसेंटिन आणि ऑक्सिंटोमोड्युलिन या पेप्टाइडांमध्येही असते. स्वादुपिंडात फारसं अडत नाही, पण पुढे आतड्याचे सेक्शन केलेत तर फसाल.

धागाकर्ती

कडं दिसलं! 1:50, रात्रभर, पीएच 8.5 चं ग्लिसरॉल. लाल फिल्टरखाली ते पूर्ण नाहीसं होतं, लाल पेशी मात्र दोन्हीकडे तशाच. दोघांचेही मनापासून आभार. आता या लाल पेशींसाठी सुदान ब्लॅक (ऊतीचं स्वतःचं तेज दाबणारा काळा रंग) वापरू का?

प्रतिसाद १

वापरा. 70% अल्कोहोलमध्ये 0.1%, अँटिबॉडीनंतर दहा मिनिटं. त्यानंतर धुताना ट्वीन (साबणासारखं द्रव्य) नको, नाहीतर सुदान ब्लॅकच निघून जाईल. तरीही ज्या लाल पेशी उरतील त्या लाल फिल्टरच्या फोटोवरून ओळखून मोजणीतून वगळा.