सँटोरिनीऐवजी क्रीटचा दक्षिण किनारा

ग्रीसच्या सहलीत जोडप्यातल्या एकाला डोंगर आणि दुसऱ्याला समुद्र हवा असेल, तर सुट्टीचे दिवस निम्मे-निम्मे वाटून घ्यावेत, असा तोडगा सुचवला जातो; तो मला पटत नाही. त्यात प्रत्येक जण अर्धी सुट्टी दुसऱ्याचे मन राखण्यात घालवतो. सँटोरिनी या ग्रीक बेटाचा आग्रह सोडून क्रीट या दुसऱ्या ग्रीक बेटाचा दक्षिण किनारा निवडावा, कारण तेथे दोघांनाही एकाच दिवशी आपापल्या मनासारखे करता येते.

क्रीटमधली समारियाची घळ सुमारे १,२३० मीटर उंचीवर, ओमालोसच्या पठाराच्या कडेला सुरू होते आणि १६ किलोमीटरांची उतरण संपवून लिबियन समुद्राकाठच्या आया रुमेली गावी पोहोचते. सर्वांत अरुंद जागी दोन्ही कड्यांमध्ये जेमतेम चार मीटर अंतर उरते. या गावाला मोटाररस्ता नाही. तेथे पायी जावे लागते किंवा बोटीने. आम्ही नेमका याचाच फायदा घेतला. मी पहाटेच्या बसने ओमालोस गाठून घळ उतरलो, तर पत्नी सकाळच्या बोटीने थेट आया रुमेलीला गेली, निवांत पोहली आणि दुपारी आम्ही तेथेच एकत्र जेवलो. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नसून काळसर गोटे आहेत आणि दुपारी ते इतके तापतात की चपलांवाचून पाण्यापर्यंत जाता येत नाही. घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते, मात्र पाऊस किंवा तीव्र उष्मा असल्यास बंद ठेवतात. संध्याकाळच्या परतीच्या बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी.