मदत हवी आहे: पोहता येत नाही, पहिलं राफ्टिंग कोलाडला करावं का ऋषिकेशला?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत राफ्टिंगला जायचं ठरवायलोय, आम्ही दोघं, मुलगा (पंधरा पूर्ण झालेत), नणंद आणि तिचे मिस्टर. पोहायला फक्त आमच्या ह्यांना येतं, तेही लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं, बाकी कुणाला हातपाय मारायलासुद्धा येत नाही. नणंदेच्या मिस्टरांना दमा आहे, पंप कायम खिशात असतो.

मुलाला ऋषिकेशच पाहिजे. त्याने व्हिडिओ बघून रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स असली रॅपिडची (नदीतल्या खळाळत्या, उसळत्या पाण्याच्या जागांची) नावं पाठ करून ठेवलीत. शिवपुरीपासून खाली साधारण सोळा किलोमीटरचा टप्पा आहे आणि पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला तिथं राफ्टिंग बंद असतं म्हणे, म्हणजे दिवाळीत चालू असणार. पण सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून पुढं हरिद्वार, सुट्टीतला निम्मा वेळ गाडीतच जाणार, आणि गंगेचं पाणी त्या दिवसांत बर्फासारखं, दम्याच्या माणसाला ते सोसेल का हीच मला जास्त काळजी.

दुसरं कोलाड, कुंडलिका नदी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, तिथून गाडी करून ताम्हिणी घाटातून खाली. तिथले रॅपिड ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे सोपे ते मध्यम असतात असं वाचलं. माझे खरे प्रश्न पुढचे आहेत. पावसाळा संपल्यावर तिथं पाणी असतं का? आणि चांगला ऑपरेटर ओळखायचा कसा, फोनवर तर सगळेच "मॅडम एकदम सेफ" म्हणतात, त्यावर मी माझी माणसं पाण्यात कशी सोडू? सासूबाई तर पाण्याशी खेळ नको म्हणून रोज बजावायल्यात. प्लीज स्वतः गेलेल्यांनीच सांगा.

प्रतिसाद:
ताई, पोहता येत नसेल तर पहिल्यांदा कोलाडच करा. तिथं नदीला पाणी पावसाचं नाही, वीजघराचं असतं. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि पाइपातून डोंगराखाली भिऱ्याला उतरवतात, वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सुटतं, म्हणून पावसाळ्यानंतरही राफ्ट चालतात. राफ्टिंग सकाळीच असतं कारण पाणी सकाळी सुटतं, त्यामुळे रात्री पुण्यात किंवा कोलाडलाच मुक्काम करा. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून उद्या पाणी सुटणार आहे ना हे विचाराच, नाहीतर जाऊन परत यावं लागतं.

ऑपरेटरला एवढंच विचारा, राफ्टसोबत सेफ्टी कयाक (पडलेल्याला वाचवायला सोबत चालणारी छोटी होडी) असते का, आणि पाण्यात पडल्यावर काय करायचं हे आधी जमिनीवर शिकवता का. उत्तर द्यायला जो कंटाळा करतो त्याला सोडून द्या. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा, जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, बकल परत घट्ट करून घ्या. यात लाजायचं नाही, माणूस तरंगतो ते जॅकेटवर, पोहण्यावर नाही. पडलातच तर पाठीवर झोपायचं, पाय पुढं प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर, आणि राफ्टची दोरी हाताला लागली तर सोडायची नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, दगडाच्या फटीत पाय अडकला तर पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो, गुडघाभर पाण्यातसुद्धा. मुलाला हे तोंडपाठ करून घ्या, रॅपिडच्या नावांपेक्षा जास्त कामाचं आहे. वल्ह्याच्या वरच्या टोकाची टी आकाराची मूठ धरलेली सोडू नका, तीच फिरून शेजाऱ्याच्या दातावर बसते.

धागालेखिका:
दादा, खूप खूप आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. दोरी आणि पाय पुढं हे तर आजच घरात सगळ्यांना सांगते. मुळशीचं वाचून मात्र जीव हळहळला, ते पाणी तिकडं उतरवलं नसतं तर मुळेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या उजनीतच आलं असतं की ओ. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापुरातल्या बाईला हे वाचून कसं वाटणार.

असो. कोलाड नक्की केलं, ऋषिकेश मुलगा पोहायला शिकल्यावर, तसं त्याला सांगितलं तर तो आजच क्लास शोधायलाय. दम्याचं डॉक्टरांना विचारूनच ठरवते, ते नको म्हणाले तर नणंदेचे मिस्टर काठावर थांबतील. फक्त एक राहिलं, पंप सोबत राफ्टमध्ये न्यायचा तर भिजू नये म्हणून कशात ठेवायचा, गाइडकडं त्याच्यासाठी वॉटरप्रूफ बॅग असते का आपण घेऊन जावी? आणि चष्मेवाले आम्ही दोघं, चष्म्याला मागून दोरी बांधली तर हेल्मेटखाली टोचते का?