नववीनंतर शाळा सुटलेल्या वहिनींना बारावीपर्यंत कसे पोहोचता येईल?

केजकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वहिनी गावातील अंगणवाडीत जुन्या नियमानुसार मदतनीस म्हणून लागल्या. वय ३६. त्यांच्या वेळी हायस्कूल शेजारच्या गावी होते आणि एस.टी. वेळेवर मिळेलच याची खात्री नव्हती, त्यामुळे नववीनंतर शिक्षण थांबले ते थांबलेच. आता सेविकापदासाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे आणि त्यांना ती पूर्ण करण्याची मनापासून इच्छा आहे. फॉर्म नंबर १७, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ अशी तीन नावे तीन जणांनी सुचवली. यांपैकी कोणता मार्ग धरावा? दुसरी आणि त्यांच्या मते मोठी अडचण इंग्रजीची आहे. बाकीचे विषय वाचून काढीन, पण इंग्रजीत पुन्हा नापास झाले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे त्या म्हणतात.

परळीचे मास्तर

आमच्या शाळेत संपर्क केंद्र असल्याने दरवर्षी असे अर्ज हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो. फॉर्म १७ म्हणजे राज्य मंडळाच्या नेहमीच्याच परीक्षेला खाजगी विद्यार्थी म्हणून बसणे. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे आपल्या वहिनी सहज पात्र आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो साधारणपणे पावसाळ्यात सुरू होतो, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बीड, जालना, परभणी व हिंगोली जिल्ह्यांचे काम छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे, तर लातूर, नांदेड व धाराशिवचे लातूर मंडळाकडे चालते. सर्वांत आधी जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून घ्यावा. तो हरवला असल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुय्यम प्रत मिळते, मात्र त्यासाठी हेलपाटे घालण्याची तयारी ठेवावी.

दहावी झाल्यावर दोन वर्षांनी खाजगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येते. त्यात विज्ञान शाखा मिळत नाही. कला किंवा वाणिज्य घ्यावी लागते. हे दोन वर्षांचे अंतर कोणालाही चुकत नाही, म्हणून ‘एका वर्षात दहावी-बारावी’ असे फलक लावणाऱ्यांच्या नादी लागू नये. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम ही बारावी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. ज्या पदाला बारावीच हवी आहे, तेथे त्याचा उपयोग होणार नाही.

गोदाकाठ

मास्तरांचे म्हणणे योग्य आहे, तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा विचार एवढ्यात सोडू नये. ती केंद्राची संस्था असून १९८९ पासून काम करते आणि तिची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. गणित सक्तीचे नाही. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. आमच्या तांड्यावरचे ऊसतोड मजूर फडावर असतात नेमक्या त्याच महिन्यांत राज्य मंडळाची परीक्षा येते, म्हणून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसगाळपाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये दोन-दोन विषय काढत जाणे त्यांना परवडते. वहिनी गावातच असतात, त्यामुळे त्यांना ही सवलत तितकीशी लागणार नाही. शिवाय या संस्थेचे नाव तालुक्याच्या कचेरीत काहींना परिचयाचे नसते आणि मग समकक्षता समजावून सांगत बसावे लागते. नियमाने प्रमाणपत्र पूर्ण मान्य आहे, पण कचेरीतला वेळ कोण भरून देणार?

सेलूची ताई

मी स्वतः चाळिशीत फॉर्म १७ भरून बारावी झाले, म्हणून इंग्रजीविषयी लिहिते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्या आपल्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. त्यामुळे वहिनींचे इंग्रजी कच्चे असेल, तर त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. राज्य मंडळातून बारावी करायची तर इंग्रजी टाळता येत नाही, मात्र उत्तीर्ण होण्यासाठी शंभरांपैकी ३५ गुण लागतात. त्यांतील ८० लेखीचे आणि २० तोंडी परीक्षेचे, आणि दोन्हींची बेरीज धरली जाते. तोंडी परीक्षेला घाबरून दांडी मारणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. हातचे गुण घालवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासचे पैसे निदान पहिल्या वर्षी भरू नयेत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. वहिनींनी आधी सहावी-सातवीचे इंग्रजीचे पुस्तक घ्यावे, रोज अर्धे पान मोठ्याने वाचावे आणि अडलेला शब्द मराठी अर्थासह वहीत लिहावा. आपले वाचन ऐकायला घरातले शाळकरी मूल बसवावे. आपली चूक काढताना त्याला जो आनंद होतो, त्याने आपलाही अभ्यास पुढे सरकतो. दहावीच्या पत्रिकेत शब्दांचे व वाक्यांचे मराठीत भाषांतर विचारतात, तेथे अशी वही थेट कामाला येते. उताऱ्यावरच्या प्रश्नांची बरीच उत्तरे उताऱ्यातच असतात, ती शोधून नीट उतरवणे हे सरावाचे काम आहे. बारावीला मुलाखतीसाठी आठ-दहा प्रश्न तयार करायला सांगतात. अंगणवाडीत येणाऱ्या आईला आपण रोज काय विचारतो, ते आठवून मी तेच प्रश्न इंग्रजीत बसवले होते आणि त्या प्रश्नाची मला भीती उरली नाही. व्याकरणाचे जाड पुस्तक मात्र कपाटातच राहू द्यावे.

केजकर

सर्वांचे आभार. वहिनींना हे सारे वाचून दाखवले आणि फॉर्म १७ भरायचे ठरले. एक शंका राहिली. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे माहेरचे नाव आहे, आधार कार्डावर सासरचे. अर्ज कोणत्या नावाने भरावा?

परळीचे मास्तर

दाखल्यावर जे नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख आहे, त्याप्रमाणेच भरावा. गुणपत्रिकाही त्याच नावाने येईल. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल नोकरीच्या अर्जासोबत जोडता येतो. विवाहाची नोंद अद्याप झाली नसेल, तर ग्रामपंचायतीकडे आताच अर्ज करावा, म्हणजे सेविकापदाची जाहिरात निघेल तेव्हा धावपळ होणार नाही. दाखल्यावरची जन्मतारीख चुकीची असेल, तर ती परीक्षेआधीच शाळेकडून दुरुस्त करून घ्यावी, कारण मंडळाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते.