मेकॅनिकलनंतर जर्मनीत मास्टर्स: नोकरीच्या दृष्टीने विद्यापीठ कसे निवडावे?

नमस्कार मंडळी. मुलीचे पुण्यातून मेकॅनिकलचे बी.ई. झाले आहे, सीजीपीए ८.१. दोन वर्षे चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत डिझाइनला आहे. मास्टर्ससाठी जर्मनीला जायचे म्हणते. अमेरिकेचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. आखेन, स्टुटगार्ट, केम्निट्झ आणि इंगोलस्टाट अशी नावे तिने काढली आहेत. कन्सल्टंट एका खासगी विद्यापीठाचा फार आग्रह धरतोय. कर्ज काढावे लागणार, म्हणून नोकरीची काळजी वाटते. जर्मन ए१ (भाषेची पहिली पातळी; पुढे ए२, बी१, बी२) झाले आहे. तिकडच्या लोकांनी कृपया सल्ला द्या.

प्रतिसाद १

ताई, मी स्टुटगार्टजवळ याच क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रँकिंगवर फार वेळ घालवू नका. आखेन, स्टुटगार्ट ही टीयू९ मधली (जर्मनीतल्या नऊ नामांकित तांत्रिक विद्यापीठांचा गट), त्यांना मान आहेच. पण मुलाखतीत विचारतात ते हे: थीसिस कोणत्या कंपनीत केला, शिकताना कुठे काम केले, जर्मन कितपत येते. इथे मुले सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत ‘वर्किंग स्टुडंट’ म्हणून कंपनीत काम करतात. पुढची नोकरी बहुतेकदा त्यातूनच निघते, त्यामुळे शहर महत्त्वाचे. स्टुटगार्टला मर्सिडीज, पोर्शे, बॉश, इंगोलस्टाटला आउडी. केम्निट्झला राहणे स्वस्त, पण कंपन्यांचा असा घोळका नाही.

तिला एक काम सांगा. स्टेपस्टोन या नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर एकेक शहर टाकून वर्किंग स्टुडंटच्या जाहिराती वाचायच्या. जाहिरात जर्मनमध्ये आहे की इंग्रजीत, भाषेची अट काय, सॉफ्टवेअर कॅटिया (डिझाइनचे) मागतात की मॅटलॅब (गणिती आकडेमोडीचे), हे शहरवार वहीत उतरवायचे. एका रविवारात जे कळेल ते कुठलाही कन्सल्टंट सांगणार नाही.

नुसत्या ऑटोमोटिव्हचा कोर्स मात्र आत्ता घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० पदे कमी करायचे ठरवले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफनेही जर्मनीत १४,००० पर्यंत पदे घटवणार असल्याचे जाहीर केले आहे. ऑटोमेशन, कंट्रोल्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स असे विषय घेता येतील असा कोर्स बघा, म्हणजे रेल्वे, पवनऊर्जा, वैद्यकीय उपकरणे हीही दारे उघडी राहतात.

आणि जर्मन! कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्यातली मीटिंग जर्मनमध्येच होते. निघण्याआधी बी१ पुरे करायचेच, जर्मन शिकवणारे मॅक्स म्युलर भवन पुण्यातच आहे. थीसिसपर्यंत बी२ हवे. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण भाषा नसेल तर ते भर्रकन जातात.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला दुजोरा. पैशांचे मी सांगते. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, पण स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येते, तिथे आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. आखेनचे इंग्रजीतले काही कोर्स त्यांच्या इंटरनॅशनल अकादमीमार्फत चालतात, त्यांची फी बरीच जास्त असते, अर्जाआधी तपासा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारे खाते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएस प्रमाणपत्राला (भारतातली पदवीची कागदपत्रे तपासून मिळणारे) वेळ लागतो, त्याचा अर्ज आधी टाका. कर्ज काढून खासगी विद्यापीठ? ताई, माझ्या मते अजिबात नको.

आणखी एक. इथे टक्क्यांइतकेच विषयांचे क्रेडिट्स मोजतात. थर्मोडायनॅमिक्स, कंट्रोल, गणित यांचे किमान क्रेडिट्स भरले नाहीत तर ८.१ असूनही नकार येतो. प्रत्येक कोर्सची प्रवेशाची अट आणि मुलीच्या बी.ई.चा सिलॅबस शेजारी ठेवून ताडून बघा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जाहिरातींचे आजच सांगते तिला. जर्मनसाठी आत्ताच नोकरी सोडू का, असे विचारतेय.

प्रतिसाद १

अजिबात नको. शनिवार-रविवारच्या बॅचेस असतात. अनुभव इथे मोजला जातो आणि पैसेही साठतील. फक्त सोडताना अनुभवपत्रात नुसते पद आणि तारखा नकोत. कोणत्या पार्टवर काम केले, कोणते सॉफ्टवेअर वापरले, हे लेटरहेडवर लिहून घ्यायला सांगा. एचआरकडून असे पत्र निघायला वेळ लागतो, तेव्हा नोटीस देण्याआधीच विषय काढलेला बरा.