रूट कॅनल झालेल्या दाढेत ‘चौथा कॅनल राहिलाय’ म्हणतात. सीबीसीटी (दाढेचा थ्रीडी स्कॅन) करू का?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. दीड वर्षापूर्वी तिचं रूट कॅनल झालं, वर कॅप बसली. सहा-सात महिने मजेत गेले. आता त्या बाजूने शेंगदाणे किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावला की आत खोलवर दुखतं. थंड-गरमाचा त्रास अजिबात नाही. त्याच बाजूचं गालफड जड असतं आणि फक्त डावी नाकपुडी वाहते. मी सायनस समजून दोन महिने वाफ घेत बसलो!

नव्या डॉक्टरबाईंनी दाढ ठोकून पाहिली आणि दोन एक्स-रे काढले, एक समोरून, एक ट्यूब तिरकी करून. समोरच्यात भरलेल्या तीन कॅनलच्या, म्हणजे मुळांतल्या नळ्यांच्या, पांढऱ्या रेघा छान दिसतात. तिरक्यात मात्र गालाकडच्या पुढच्या मुळातली रेघ मधोमध नाही, एका अंगाला सरकलेली आहे. म्हणजे शेजारी आणखी एक कॅनल असणार, असं त्या म्हणाल्या. त्याच मुळाच्या टोकाशी काळसर डागही आहे. तेवढ्या भागाचा सीबीसीटी करून दाढ पुन्हा उघडू म्हणतात.

आधीचे डॉक्टर ‘तीन मुळं, तीन कॅनल, काम फत्ते’ म्हणाले होते. फसवलं का त्यांनी? एक्स-रेत दिसतंय तर स्कॅन कशाला? मेहुणे म्हणतात, काढून टाक आणि इम्प्लांट कर. वय ४८, बीपीची गोळी चालू, शुगर नाही.

दाढेश्वर:
मी याच कामातला. फिल्म न पाहता निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरबाई योग्य वाटेवर आहेत असं वाटतं.

या दाढेला मुळं बहुतेक तीनच असतात, पण कॅनल निम्म्याहून जास्त लोकांत चार सापडतात. चौथ्याला आम्ही एमबी-टू म्हणतो. तो पहिल्याच्या मागे, टाळूच्या बाजूला असतो आणि त्याच्या तोंडावर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) छज्जा असतो. एक्स-रे ही सावली. समोरून काढला की दोन्ही कॅनल एकामागे एक येतात आणि एकच दिसतो. म्हणून ट्यूब तिरकी करायची. सीबीसीटीत मुळाचा आडवा काप दिसतो, काकडीच्या चकतीसारखा. त्यात दोन कॅनल खालपर्यंत वेगळे जातात की वाटेत मिळतात, तेही कळतं. व्हर्टुची या दंतसंशोधकांनी १९८४ मध्ये अशा रचनांचे आठ प्रकार केले, तेच आम्ही अजून घोकतो.

फसवणूक म्हणू नका. मायक्रोस्कोपशिवाय हा कॅनल चांगल्या चांगल्यांच्या हातून सुटतो. पण ‘तीन म्हणजे तीन’ हे ठामपणे सांगणं चूकच.

आणि वाफ विसरा. वरच्या दाढांची टोकं सायनसच्या तळाला लागून असतात. दाढेच्या संसर्गाने त्या बाजूचं सायनसचं अस्तर सुजू शकतं. एकाच बाजूचा त्रास असला की आम्ही दाढेकडे बघतो. स्कॅनमध्ये तेही कळेल.

मूळ धागाकर्ता:
बाप रे, नाकाचं कारण दाढ? रेडिएशन फार असतं का? आणि कॅप धातूची आहे.

दाढेश्वर:
एका छोट्या एक्स-रेपेक्षा जास्त, हॉस्पिटलच्या साध्या सीटीपेक्षा साधारणपणे बरंच कमी. फक्त ‘छोटं फील्ड’ सांगा, पूर्ण जबड्याचं नको. धातूमुळे चित्रात पट्टे येतात, त्यामुळे आधी कॅप काढायची का हे डॉक्टरांना विचारा.

मेहुण्यांचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: मुळाला उभी चीर आहे का? चावताना खोल दुखणं चिरेमुळेही असतं आणि भरलेल्या दाढेत ती स्कॅनवरही निसटते. उघडल्यावर मायक्रोस्कोपखाली दिसली तर दाढ बहुतेक काढावीच लागते. नसेल तर राहिलेला कॅनल साफ करून भरा, दाढ वाचवण्यासारखी आहे.

खारीबटर:
माझ्या खालच्या दुसऱ्या दाढेचा कॅनल इंग्रजी ‘सी’सारखा, पन्हळीगत निघाला. डॉक्टर म्हणाले, चिनी-कोरियन लोकांत हा बराच आढळतो. मी अस्सल सातारकर! चार बैठका लागल्या, पण आता त्याच बाजूने सुपारी फोडतो.

दाढेश्वर:
सुपारी तेवढी सोडा हो.

मूळ धागाकर्ता:
शनिवारी सकाळची वेळ मिळाली. कॅप आधी काढणार आहेत. आधीच्या दवाखान्यातून जुने एक्स-रेही मागवलेत, सुरुवातीला मूळ कसं दिसत होतं ते ताडून बघायला. रिपोर्ट आला की इथे टाकतो.